जुनीं मापनयंत्रें व संगणक : माती-परीक्षेच्या खोलींतील थोडक्या खर्चाची जोडणी

भाताची झोडणी आटोपून खळीं मोकळीं झालीं म्हणजे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील जाणता शेतकरी पुढील सालच्या खताचा विचार करूं लागतो. खाचराच्या चारी बाजूंनीं व मध्यभागीं वीतभर खोल खणून माती घ्यावी, ती सावलींत वाळवून चाळावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावें, आणि शेवटीं उरलेली अर्धा किलो माती पिशवींत भरून परीक्षेस पाठवावी, ही रीत आतां बहुतेकांच्या अंगवळणीं पडली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हांपासून सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल व बोरॉन अशा बारा बाबींच्या आंकड्यांचा कागदही पुष्कळांच्या घरीं आढळतो. परंतु हे आंकडे ज्या यंत्रावर निघतात तें यंत्र आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणारा तो कागद, या दोहोंमध्यें काय काय घडतें, याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. ती आज करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या भागांत या आंकड्यास विशेष महत्त्व आहे. भिवपुरीचें वीजघर १९२२ सालीं सुरू झालें. त्यांतून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाल्याच्या कांठचीं खाचरें उन्हाळ्यांतही भात पिकवितात. जेथें वर्षांतून दोनदां भात निघतो तेथें जमिनींतील पालाश व स्फुरदही दोनदां उचलला जातो. शिवाय कर्जतच्या संशोधन केंद्रांतून १९९८ सालीं बाहेर पडलेल्या 'सह्याद्री'सारख्या संकरित वाणांची भूक जुन्या गरव्या भातापेक्षां मोठी असते. अशा ठिकाणीं अंदाजानें खत देणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें किंवा पीक उपाशी ठेवणें, यांपैकीं एक कांहीं तरी होणारच.

ज्या सोसायट्या, शाळा किंवा लहान संस्था आपल्या बळावर माती पाहूं इच्छितात, त्यांच्या वांट्यास बहुधा जुनें यंत्र येतें. एखादें कॉलेज नवें घेतांना जुनें देऊन टाकतें, अथवा कारखान्याच्या प्रयोगशाळेंतून निघालेला कलरीमीटर भंगाराच्या भावानें मिळतो. अशी एक खोली खालापूर तालुक्यांत आमच्या पाहण्यांत आहे. तेथें कांट्याचा फ्लेम फोटोमीटर आहे. पालाश काढण्यासाठीं पांच ग्रॅम माती पंचवीस मिलिलिटर अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणांत हलवून गाळतात व तें गाळलेलें पाणी ज्वालेंत फवारतात. पालाशाच्या मानानें ज्वालेचा जांभळट उजेड कमी-अधिक होतो. तो ठराविक रंगाच्या कांचेंतून प्रकाशविद्युत् घटावर पडतो आणि तबकडीवरील कांटा हलतो. प्रमाणित द्रावणांशीं ताडून पाण्यांतील पालाश दशलक्ष भागांत किती भाग तें कळतें. त्यास ५ नें गुणिलें म्हणजे मातींतील प्रमाण निघतें, व पुन्हां २.२४ नें गुणिलें म्हणजे हेक्टरी किलो. एकूण गुणक ११.२.

या खोलींत एका खाचराचें वाचन १३ आलें. वहींत तें १३ असेंच लिहिलें गेलें, पण वहींतून पत्रकावर उतरवितांना त्याचें ३१ झालें. १३ चे हेक्टरीं १४५.६ किलो होतात, आणि ३१ चे ३४७.२. हेक्टरीं २८० किलोंच्या वर पालाश असला तर तो भरपूर समजतात. सबब त्या शेतकऱ्यास 'पालाश देण्याचें कारण नाहीं' असा सल्ला मिळाला, आणि कागदावर विश्वास ठेवून त्यानें तो पाळला. चूक उघडकीस आली ती पुढील वर्षीं त्याच खाचराचा नमुना पुन्हां आला तेव्हां. यंत्र खरें बोललें होतें, कांटाही बरोबर वाचला होता, द्रावणेंही ताजीं होतीं. दोन अंक उलटे लिहिले गेले, आणि एका कुटुंबाचा हंगाम चुकीच्या खतावर गेला.

यावर एका विक्रेत्यानें त्या मंडळींस असा उपाय सुचविला कीं, जुनें यंत्र मोडींत काढावें व संगणकास जोडतां येईल असें नवें घ्यावें; जुन्यास जोडणी होतच नाहीं. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. प्रकाश मोजणारा घट, रंगीत कांच, फवारा, स्थिर वीज पुरविणारी मंडलें, हा जो यंत्राचा खरा जीव, तो पंचवीस-तीस वर्षांनींही पुष्कळदां ठणठणीत असतो. जुनी झालेली असते ती त्याची आंकडे सांगण्याची तऱ्हा. आणि ती बदलण्यास नव्या यंत्राची किंमत मोजावी लागत नाहीं. बहुतेक वेळां कांहीं शें रुपयांत, फार झालें तर हजार-दोन हजारांत, काम होतें.

आरंभ यंत्राची मागची बाजू पाहण्यापासून करावा. आश्चर्य वाटेल, पण पुष्कळ प्रयोगशाळांत ही बाजू भिंतीकडे वळलेली असल्यामुळें वर्षानुवर्षें कोणी पाहिलेलीच नसते. तेथें कधीं 'रेकॉर्डर' असें लिहिलेलीं दोन छिद्रें असतात, कधीं नऊ किंवा पंचवीस पिनांचें सॉकेट असतें, आणि कधीं कांहींच नसतें. या तीन स्थितींचे तीन मार्ग आहेत.

नऊ पिनांचें सॉकेट असेल तर काम सर्वांत सोपें. आपल्या वाचकांपैकीं जे दूध घालतात त्यांनीं ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली आहे, जरी तिचें नांव त्यांस ठाऊक नसेल. संगणक असलेल्या संकलन केंद्रावर दुधाचें भांडें कांट्यावर ठेविलें कीं वजन पडद्यावर उमटतें, फॅट काढणाऱ्या यंत्रांतून आंकडा तसाच येतो, आणि चिठ्ठी छापून हातांत पडते. मध्यें कोणी लिहीत नाहीं. हें बहुधा ज्या तारेवर चालतें तिची पद्धत आरएस-२३२ या नांवानें १९६० सालीं अमेरिकेंत ठरली. यंत्र आंकडा अक्षरश: उच्चारतें, म्हणजे एकामागून एक अक्षर तारेवरून पाठवितें. बोलण्यास एक तार, ऐकण्यास एक व जमिनीची एक, अशा तीनच तारा पुरतात. नऊ पिनांच्या सॉकेटांत २ व ३ या बोलण्या-ऐकण्याच्या आणि ५ ही जमिनीची; पंचवीस पिनांच्या सॉकेटांत बोलण्या-ऐकण्याच्या त्याच दोन, परंतु जमिनीची ७.

आजच्या संगणकास असें सॉकेट बहुधा नसतें. त्यासाठीं यूएसबीस जोडणारा लहान पट्टा बाजारांत मिळतो. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. या पद्धतींत तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे 'एक' आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे 'शून्य' असा संकेत आहे. बाजारांत दिसण्यास जवळजवळ सारखेच, परंतु केवळ ३.३ किंवा ५ व्होल्ट सहन करणारे पट्टेही मिळतात, आणि ते थोडे स्वस्तही असतात. तसला पट्टा जुन्या यंत्रास सरळ लावला तर तो जळतो, व कधीं संगणकासही इजा होते. दुकानदारास 'आरएस-२३२ चाच हवा' असें स्पष्ट सांगावें.

कोणती पिन बोलते हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. यंत्र चालू करून मल्टिमीटरची काळी तार जमिनीच्या पिनेस लावावी व तांबडी तार २ आणि ३ या पिनांस आळीपाळीनें लावून पाहावी. जी पिन स्वस्थ असतांना उणे पांच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दाखवील ती यंत्राची बोलण्याची. ती संगणकाच्या ऐकण्याच्या पिनेस जोडावी. म्हणजे पट्ट्यावरील २ या पिनेस. जोडल्यावर पडद्यावर अर्थहीन चिन्हें येऊं लागलीं तर घाबरूं नये, उलट आनंद मानावा. तार बरोबर आहे, केवळ वेग चुकला आहे. १२००, २४००, ४८००, ९६०० हे वेग एकामागून एक लावून पाहिले म्हणजे त्यांतील एकावर स्वच्छ आंकडे दिसूं लागतात. चारहींवर चिन्हेंच राहिलीं तर अक्षर सात अंशांचें आहे कीं आठांचें हें बदलून पाहावें. कांहीं यंत्रें समोरून 'मी तयार आहे' अशी खूण आल्यावांचून तोंड उघडीत नाहींत. तेथें यंत्राच्या सॉकेटांतील ७ व ८ या पिना एकमेकींस जोडल्या म्हणजे त्याची समजूत पटते.

चोवीस पिनांचें रुंद सॉकेट दिसलें तर तें १९७५ सालीं ठरलेल्या दुसऱ्या एका पद्धतीचें आहे असें समजावें. तिचा जोडपट्टा महाग असतो. लहान खोलीनें त्या भानगडींत न पडणें बरें.

आतां 'रेकॉर्डर' या छिद्रांकडे वळूं. संगणक स्वस्त होण्यापूर्वीं प्रयोगशाळांत कागदाच्या पट्टीवर लेखणीनें वळण काढणारीं यंत्रें असत. त्यांच्यासाठीं हीं छिद्रें ठेवलेलीं. कांटा जितका चढेल तितका विजेचा दाब त्यांवर मिळतो. कोठें पूर्ण कांट्यास १ व्होल्ट, कोठें १०० मिलिव्होल्ट, आणि कोठें केवळ १० मिलिव्होल्ट. हा दाब आंकड्यांत मोजून संगणकास सांगणारें साधन लागतें. इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं निघालेला 'आर्डुइनो' नांवाचा लहान फलक या कामीं सर्वत्र वापरतात. परंतु नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवूं नये, कारण हिशेब जमत नाहीं. त्याच्या अंगच्या मापनाला ५ व्होल्टचे १०२४ भाग करतां येतात, म्हणजे एक पायरी सुमारें ४.९ मिलिव्होल्टची. ज्या यंत्राचा पूर्ण कांटाच १० मिलिव्होल्टांत संपतो, त्याच्या सबंध चढाला दोनच पायऱ्या मिळतील! मणाच्या काट्यावर सोनें तोलण्याचाच हा प्रकार. यासाठीं 'एडीएस १११५' या नांवाचा नखाएवढा तुकडा मध्यें घालावा. त्याच्या सर्वांत बारीक पट्ट्यांत एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची असते, म्हणजे त्याच १० मिलिव्होल्टांस सुमारें १,२८० पायऱ्या मिळतात. आपल्या कामास तितक्या भरपूर झाल्या. पूर्ण कांट्यास १ व्होल्ट देणारें यंत्र असल्यास त्याचा रुंद पट्टा घ्यावा. तेथें पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची व भाग सोळा हजार.

या मार्गानें होणारा लाभ केवळ लिखाणाची चूक टळण्यापुरता नाहीं. फ्लेम फोटोमीटरपाशीं ज्यानें कधीं बसून पाहिलें आहे त्यास माहीत आहे कीं, तो कांटा एका जागीं ठरत नाहीं. वाऱ्याची झुळूक आली, गॅसचा दाब किंचित् हलला, फवाऱ्याच्या बारीक नळींत कण अडकला, कीं कांटा १२ आणि १४ यांच्यामध्यें नाचतो. मग परीक्षक डोळ्यांनींच मध्य धरतो. सकाळीं ताज्या मनानें धरलेला मध्य आणि साठावा नमुना पाहतांना धरलेला मध्य, यांत फरक पडणारच. तो माणसाचा दोष नव्हे, डोळ्याचा स्वभाव आहे. संगणक मात्र सेकंदास दहा वाचनें घेऊन वीस सेकंदांच्या दोनशें वाचनांची सरासरी काढतो, आणि वाचनें किती पसरलीं हेंही सांगतो. हा पसारा आमच्या मतें सरासरीइतकाच मोलाचा आहे. तो एकाएकी वाढला तर नळी तुंबली आहे किंवा खिडकी उघडी राहिली आहे हें परीक्षकास त्याच क्षणीं कळतें, आणि नमुना पुन्हां फवारतां येतो. खोली बंद करून सगळे घरीं गेल्यावर तें कळून उपयोग नाहीं.

कलरीमीटरलाही हाच मार्ग लागू आहे. कोंकणच्या आम्ल जमिनींत स्फुरद काढण्यासाठीं १९४५ सालची ब्रे व कुर्ट्झ यांची रीत वापरतात. तींत द्रावणास येणारा निळा रंग मोजावयाचा असतो. फक्त मागील छिद्रांतून येणारा दाब हा पार गेलेल्या प्रकाशाचा आहे कीं शोषलेल्या प्रकाशाचा, हें आधीं पडताळून घ्यावें. शंभरांतून पन्नास भाग प्रकाश पार गेला तर शोषण ०.३०१ असतें आणि दहा भाग गेला तर १. म्हणजे पार जाणारा प्रकाश पांचपटीनें घटला तरी शोषण तिपटीहून थोडेंच अधिक वाढतें. हें रूपांतर संगणक बिनचूक करतो, पण त्यास कोणतें चाललें आहे तें सांगावें लागतें.

सामू मोजणाऱ्या यंत्राबद्दल स्वतंत्र इशारा देतों. उत्साही तरुण यंत्र बाजूस ठेवून कांचेचा इलेक्ट्रोडच फलकास जोडूं पाहतात. असें करूं नये. पंचवीस अंश उष्णतेस सामूच्या एका घराला सुमारें ५९ मिलिव्होल्ट मिळतात, हें मोजण्यास पुरेसें वाटतें खरें. पण कांचेच्या त्या फुग्याचा विरोध कोट्यवधि ओहमचा असतो. साधा फलक जोडला कीं तो थोडासा दाबही ओढून घेतो व आंकडा खोटा येतो. जुन्या यंत्राच्या पोटांत जें पहिलें मंडल असतें तें नेमकें याच अडचणीसाठीं बसविलेलें असतें. सबब इलेक्ट्रोड यंत्रास, आणि यंत्राचीं मागचीं छिद्रें संगणकास, हाच क्रम ठेवावा.

मागें कांहींच नसलेलें यंत्र आलें तर तें उघडून आंत डाख लावण्याचा मोह होतो. अनुभवी कारागिराखेरीज कोणीही त्यास हात घालूं नये. कांहीं प्रकाशमापकांत फोटोमल्टिप्लायर नळीस शेंकडों व्होल्टांचा दाब दिलेला असतो, आणि तार काढल्यावरही तो कांहीं काळ टिकून राहतो. अशा यंत्रासाठीं आम्ही सुचवितों तो उपाय अगदीं घरगुती आहे. जुना मोबाईल लाकडी घोडीवर पक्का बसवून यंत्राच्या तोंडाचें छायाचित्र प्रत्येक नमुन्यागणिक घ्यावें, व नमुन्याची पिशवी, क्रमांक दिसेल अशी, त्याच चित्रांत ठेवावी. आंकडा मग कोणीही टंकित केला तरी वाद पडल्यास पुरावा राहतो. वर सांगितलेली १३ आणि ३१ ची चूक एवढ्यानेंही सांपडली असती.

वीज व हवा यांचा विचार आपल्या प्रदेशांत विशेष करावा लागतो. खोपोलीस १९१५ सालीं वीजघर झालें, आणि खालापूर तालुक्याच्या अंगणांतून मुंबईस वीज गेली. तरी खेड्यांतील खोलीची जमिनीची तार आजही पुष्कळदां नांवापुरतीच असते. यंत्राची जमीन व संगणकाची जमीन यांमध्यें कांहीं व्होल्टांचा फरक असला तर तो जोडतारेंतून वाहतो आणि आंकडे डोलूं लागतात. जोडण्यापूर्वीं दोहोंच्या धातूच्या अंगांमध्यें मल्टिमीटर लावून पाहावा. फरक दिसला तर मांडीवरचा संगणक चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवावा, अथवा यूएसबीचा विलगक मध्यें घालावा. जोडतार जाळीच्या वेष्टनाची, हातभर लांबीची घ्यावी, आणि ती गॅसच्या नळीशेजारून व पंख्याच्या तारेबरोबर नेऊं नये. वैशाखाच्या शेवटीं माथेरानच्या डोंगरावर गडगडाट सुरू झाला कीं जोडतार काढून ठेवावी. आषाढ-श्रावणांत तर हवेंतील ओलाव्यानें पिना हिरवट पडतात आणि कांचेवर बुरशी धरते. म्हणून पावसाळाभर यंत्राच्या झांकणाखालीं सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पंधरवड्यास तापवून कोरड्या कराव्या.

जोडणीनें काय होत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण पडद्यावर उमटलेला आंकडा लोकांस वेदवाक्य वाटतो. प्रमाणित द्रावण शिळें असेल तर संगणक त्या शिळेपणाची सरासरी मोठ्या बारकाईनें काढील. सामूचीं ४, ७ व ९.२ हीं तीन द्रावणें रोज सकाळीं दाखविल्यावांचून, आणि पालाशाचीं प्रमाणें दर दहा नमुन्यांमागें पुन्हां फवारल्यावांचून, पुढें जाऊं नये. शेतकऱ्यानें बांधावरची किंवा उकिरड्याच्या कडेची माती आणली तर तिला कोणतीही तार सुधारूं शकत नाहीं.

संगणक नवा घेण्याचें कारण नाहीं. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्यानें पुष्कळ कचेऱ्यांतील चांगले संगणक अडगळींत पडत आहेत. त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालून आपलें काम उत्तम चालतें. एखाद्या यंत्राबरोबर आलेला मूळ कार्यक्रम केवळ विंडोज एक्सपीवरच चालत असेल, तर तो जुना संगणक तसाच ठेवावा, पण त्यास इंटरनेट लावूं नये. त्या प्रणालीची देखभाल ८ एप्रिल २०१४ पासूनच बंद आहे. आंकडे लिहून घेणारा कार्यक्रम 'पायथॉन' भाषेंत वीस-पंचवीस ओळींत होतो. त्यानें प्रत्येक ओळींत वेळ, नमुना क्रमांक, मूळ दाब आणि मागाहून काढलेलें प्रमाण, चारही लिहावींत. नुसतें शेवटचें प्रमाण ठेवलें आणि पुढें प्रमाणित द्रावणांत दोष निघाला, तर मागील सर्व नमुने वायां जातात. मूळ दाब ठेवलेला असेल तर एका संध्याकाळीं सर्व पुन्हां काढतां येतात.

हें करणार कोण, असा प्रश्न आमचे सभासद विचारतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला गांवचा मुलगा हें करूं शकतो. त्यास दिशा दाखविणारीं माणसेंही आपल्याच प्रांतांत आहेत. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीच्या संशोधन शाखेंतील काम सोडून ते दुष्काळी खेड्यांत आले आणि शाळा सोडलेल्या मुलांकडून खऱ्या वस्तु घडवून घेऊं लागले. २००२ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या साह्यानें तेथें 'फॅब लॅब' उभी राहिली, ती त्या देशाबाहेरील अगदीं पहिल्या अशा कर्मशाळांपैकीं एक. शेतकऱ्याच्या उपयोगाचें मापनयंत्र गांवच्या मुलांनीं बांधावें, हा त्या कर्मशाळेमागचा एक हेतु होता. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनें शाळा-कॉलेजांसाठीं तयार केलेला 'एक्सप्आइज' हा लहान डबाही दाब मोजून संगणकास देतो, आणि त्याचा नकाशा व कार्यक्रम सर्वांस खुले आहेत. पवईच्या आयआयटीनें चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत संगणकाचे अनेक पाठ मराठींतून फुकट ऐकावयास मिळतात. मुलानें दोन पावसाळी महिने त्यांत घातले तरी पुरे.

खोलींतील सर्वच यंत्रें एकदम जोडूं नयेत. दिवसाकाठीं वीस नमुन्यांचा सामू पाहणाऱ्या खोलीस सामूयंत्राच्या जोडणीनें फारसें कांहीं मिळत नाहीं. तेथें दोन माणसांनीं, एकानें वाचून व दुसऱ्यानें लिहून, काम नीट होतें. वजनाचा विद्युत् कांटा आणि फ्लेम फोटोमीटर हीं दोन प्रथम घ्यावींत. पहिल्याची तार बहुधा तयारच असते, व दुसऱ्याच्या नाचऱ्या कांट्याचा लाभ वर सांगितलाच आहे. कलरीमीटर तिसरा. वर उल्लेखिलेल्या खालापूरच्या मंडळींनीं हाच क्रम धरला आहे.

जोडणी झाल्यावर पहिले दोन महिने वही बंद करूं नये. परीक्षकानें कांटा पूर्वींप्रमाणेंच डोळ्यांनीं वाचून लिहावा, आणि संगणकाचा आंकडा त्याच्या नजरेआड ठेवावा, म्हणजे एकाची छाया दुसऱ्यावर पडणार नाहीं. दर शनिवारीं दोन्ही रकाने शेजारीं ठेवून पाहावे. फरक आढळला तर आधीं जोडतार हलवून बघावी, मग जमिनीची तार, मग कार्यक्रमांतील गुणक. यंत्राच्या झांकणाचे स्क्रू सर्वांत शेवटीं.